पाच ते आठ : आमच्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळ,
सादर नमस्कार.

या पत्रात मी रुग्णालयाचं नाव लिहिलेलं नाही. आपल्याला ते ओळखू येईल, आणि संध्याकाळी आपल्याकडे व्यायामाला येणाऱ्या आम्हा पेशंटांनाही येईल. रुग्णालयाची बदनामी व्हावी असं मला मुळीच वाटत नाही. तिथल्याच डॉक्टरांनी माझा पाय वाचवला आणि तिथल्याच फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला त्या पायावर उभं केलं. पण दोनदा अर्ज देऊन आणि एकदा कार्यालयाबाहेर दोन तास बसूनही उत्तर मिळालं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

१ जूनला तळमजल्यावरच्या व्यायाम कक्षाच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. फिजिओथेरपी विभाग दुसऱ्या मजल्यावर हलवला आहे, वेळ सकाळी १० ते १, संध्याकाळची ५ ते ८ ही वेळ बंद. खाली सही नव्हती. आम्ही अकरा जण त्या दारासमोर होतो, दोघं वॉकर घेऊन आणि तिघं कुबड्यांवर. वॉचमनदादांना विचारलं, तर त्यांनाही काही माहीत नव्हतं. काचेतून आत पाहिलं तेव्हा पॅरलल बार, म्हणजे दोन्ही हातांनी धरून चालायला शिकायचे दोन दांडे, काढून नेलेले होते आणि फरशीत त्यांची चार गोल भोकं तेवढी राहिली होती. हेल्थ चेकअपला येणाऱ्यांच्या बसण्याची सोय तिथे होणार आहे, असं नंतर कळलं.

मी धायरीला राहते. वय ४६. गेली अकरा वर्षं पोळ्या लाटण्याचं काम करते. आम्ही तिघी मिळून पहाटे साडेपाचला ओट्यापुढे उभ्या राहतो ते दुपारी एकपर्यंत. मागच्या दिवाळीनंतर भाच्याच्या साखरपुड्याहून साताऱ्याहून परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरताना मागून टेम्पो आला आणि त्याने आमची गाडी पुढच्या ट्रकवर ढकलली. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मी पुढच्या सीटवर होते. बेल्ट लावला होता म्हणून डोकं आणि छाती वाचली. पण डॅशबोर्ड आत आला आणि उजवा गुडघा त्यावर आदळला. मांडीचं हाड मधोमध मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. मांडीत रॉड घातला, वाटीला तार बांधली. नवव्या दिवशी घरी सोडलं.

तेव्हा मला वाटलं होतं की सुटले. एक्स-रेमध्ये रॉड सरळ दिसत होता, टाके कोरडे होते, घरच्यांनी पेढे वाटले. मग लक्षात आलं की पाय माझं ऐकतच नाही. मांडी आवळ म्हटलं तरी काही हलायचं नाही. मॅडमनी समजावून सांगितलं की गुडघ्याला मार लागून सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला काम करू देत नाही, स्नायू जागेवर असतो पण झोपलेला असतो. त्याला उठवायचं कसं, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची, पाच मोजेपर्यंत धरायची आणि सोडायची. दिवसातून कितीतरी वेळा. पहिले चार दिवस मी त्या टॉवेलकडे नुसती बघत होते. पाचव्या दिवशी मॅडमनी माझाच हात माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "लागलं का हाताला काही?" लागलं होतं. अगदी जरासं, आधणाला उकळी फुटायच्या आधी पाणी हलतं तसं.

हे इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्यापैकी एका सन्माननीय सदस्यांनी आमच्यातल्या एकाला सांगितलं, "ऑपरेशन झालं की आमचं काम झालं, व्यायाम काय घरीही करता येतो." आपण त्या कक्षात संध्याकाळी कधी येऊन बसला असतात, तर हे वाक्य आपल्या तोंडून निघालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

तिथे पावडर टाकलेली गुळगुळीत फळी होती. तिच्यावर टाच सरकवत गुडघा दुमडायचा. दोन वजनकाटे शेजारीशेजारी ठेवलेले असायचे. डॉक्टर लिहून द्यायचे, या पायावर आता पंधरा किलो भार, मग पंचवीस, मग अर्धं वजन. घरी कुणी फार तर "थोडा थोडा टेकव" एवढंच म्हणेल. इथे मी काट्यावर उभी राहून पंधरा किलो म्हणजे किती, हे माझ्या तळव्याला शिकवलं. कमी भार दिला तर पाय तसाच राहतो, जास्त दिला तर जुळणाऱ्या हाडाला धोका, आणि मधलं माप डोळ्यांनी कळत नाही. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. मी ती दुखऱ्याच बाजूला धरत होते. बहुतेक सगळे तशीच धरतात, कुणीतरी हात धरून बदलून देईपर्यंत.

माझी फाइल आपल्याकडे आहे, तिच्यातले आकडे बघा. डिसेंबरात पहिल्यांदा कोन मोजला तेव्हा गुडघा ३५ अंश वाकत होता. उजवी मांडी डावीपेक्षा साडेचार सेंटिमीटर बारीक झाली होती. मार्चअखेर ९२ अंश. मे महिन्यात ११४, आणि मांडीतला फरक दीड सेंटिमीटरवर आला. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६० ते ६५ अंश पुरतात. जिन्याला ८५-९० लागतात, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडे जास्त. खुर्ची-टेबलावरच्या आयुष्याला एवढ्यात भागत असेल. पण ओट्याखालून पिठाचा डबा ओढायचा, पाटावर बसायचं, आमच्या चाळीतल्या भारतीय संडासात बसायचं, तर ११०-१२० च्याही पुढे जावं लागतं. माझं घर ९० अंशांवर चालत नाही. म्हणून "आता चालता येतंय ना, पुरे" असं मला कुणी सांगू नये.

बसून मारायच्या सायकलचं पॅडल पूर्ण फिरायला गुडघा शंभराच्या पुढे वाकावा लागतो. कितीतरी दिवस मी पॅडल अर्धं पुढे आणि अर्धं मागे, एवढंच हलवत होते. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते वरून गेलं. कोपऱ्यात रबरी पट्टा ओढत बसलेले रिक्षावाले काका माझ्याआधी ओरडले, "गेलं, गेलं!" आणि अख्ख्या कक्षाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा मनाशी हिशेब केला की पालख्या पुण्यात येतील तेव्हा आपण पोळ्या लाटायला उभ्या राहू शकू. दरवर्षी आम्ही तिघी एका दिंडीला पोळ्या देतो.

आता आमच्या तक्रारी.

सगळ्यात आधी जागा. दुसऱ्या मजल्यावर जायला ३८ पायऱ्या आहेत, मी मोजल्या आहेत. लिफ्ट आहे, पण ती स्ट्रेचर आणि दाखल पेशंटांसाठी राखून ठेवलेली. लिफ्टमनदादा भले आहेत, कधीकधी नेतात, पण त्यांना त्यावरून बोलणी बसली आहेत. ज्याला पाय टेकवायचीच परवानगी नाही, त्याने पाय टेकवायला शिकण्यासाठी ३८ पायऱ्या चढून यायचं, हे कसं जमायचं? एक आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर येत होत्या. त्यांच्या मुलाने त्यांना पहिल्या दिवशी खुर्चीसकट उचलून नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेशाची तरतूद आहे. कायद्याचं बोट दाखवून भांडायची माझी इच्छा नाही, पण ती तरतूद आपल्या इमारतीलाही लागू आहे.

वेळेचं म्हणणं सोपं आहे. आमच्यात रिक्षावाले काका आहेत, एक कुरिअरचा मुलगा, दोघी घरकाम करणाऱ्या, एक बँकेतला क्लार्क, एक सिक्युरिटी गार्ड. रस्त्यावर मोडलेली माणसं बहुतेक कमावती असतात, कारण कामासाठीच ती रस्त्यावर असतात. सकाळी १० ते १ ही त्यांची मजुरीची वेळ. एप्रिलपासून मी उंच स्टुलावर बसून अर्धं काम पुन्हा सुरू केलं आहे. ते सोडून यायचं तर पाय सुधारेल आणि चूल थंडावेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. जुन्या कक्षात यंत्रं होती, पण ती शेवटी, दुखणं थोडं उतरावं म्हणून. नव्या जागेत यंत्रच राहिलं आहे. तीन पलंग, तीन मशीन, प्रत्येकी वीस मिनिटं. कुणी गुडघ्याला हात लावत नाही, कोन मोजत नाही, उभं राहून दाखव म्हणत नाही. आयएफटीचे, म्हणजे सौम्य वीजप्रवाहाच्या मशीनचे, चिकटे लावले की झिणझिण्या येतात, दुखणं तेवढ्यापुरतं कमी होतं, बरं वाटतं. पण स्नायूला ताकद यायची तर स्नायूनेच काम केलं पाहिजे. पलंगावर पडून ती येत नाही. बारीक झालेली माझी मांडी तीन सेंटिमीटर भरली ती जिना, सायकल आणि वाळूच्या पिशव्यांनी.

आणि इथे एक गंभीर गोष्ट सांगणं भाग आहे. ९ जूनला मला शॉर्टवेव्हच्या, म्हणजे आतपर्यंत शेक देणाऱ्या, मशीनवर घेतलं. पॅड मांडीजवळ आणेपर्यंत कुणी फाइल उघडली नव्हती. माझ्या मांडीत लोखंड आहे. शरीरात धातू असलेल्या जागी हा शेक देत नाहीत, कारण धातूभोवती उष्णता साठून आतल्या आत भाजू शकतं. हे मला जुन्या मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मी ओरडले. ती मुलगी शिकाऊ होती, घाबरून रडायला लागली. तिच्यावर माझा राग नाही. तिच्याबरोबर त्या वेळी कुणी अनुभवी माणूस नव्हतं, कारण आपण पाचांपैकी तीन फिजिओथेरपिस्टांचे करार संपवले. हा प्रकार मी त्याच दिवशी लेखी दिला आहे. आवक क्रमांक माझ्याकडे आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. आधी एका वेळेचे १२० रुपये होते. आता दहा वेळांचं पॅकेज, ४५०० रुपये, आगाऊ. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने ६०० सांगितले. दोन्ही मला झेपत नाहीत.

व्यायाम घरी करा म्हणून जो कागद दिला जातो तो इंग्रजीत आहे, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढून त्यातली चित्रं पुसून गेली आहेत. घरी व्यायाम करायला आमची ना नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ करते. पण घरचा व्यायाम आठवड्याला कुणीतरी तपासावा लागतो, पुढे न्यावा लागतो, कधी थांबवावा लागतो. नाहीतर दोनच गोष्टी होतात. माणूस दुखतंय म्हणून सोडून देतो, किंवा लवकर बरं व्हायचं म्हणून रेटतो. रिक्षावाले काकांचं दुसरं झालं. त्यांचं कोपर मोडलं होतं. कक्ष बंद झाल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून ते मालिशवाल्याकडे गेले. त्याने तेल लावून जोर देऊन हात वाकवला. कोपराला मार लागल्यावर अशी जोराची मालिश केली तर आजूबाजूच्या स्नायूत हाडासारखी गाठ धरू शकते आणि सांधा कायमचा अडकू शकतो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता त्यांचं कोपर सुजलेलं आहे आणि हँडल धरता येत नाही. ज्यांनी माझं पॅडल फिरल्यावर आधी टाळी वाजवली, त्यांचा हात असा झाला, हे मला फार लागलं आहे.

आपल्या बाजूचा विचार मी केला आहे. रुग्णालय चालवायला पैसा लागतो, व्यायाम कक्षातून तो फारसा येत नसेल. शिवाय सरकारी योजनाही आपल्याला तिकडे ढकलत नाहीत. अपघातग्रस्तांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना आणली. तिच्यात दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. सातव्या दिवशी मी अजून वॉर्डात होते, पलंगाखाली पायही सोडला नव्हता. धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेल्या योजनेत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. ती फार मोलाची गोष्ट आहे, पण त्यात मोजल्या जातात त्या खाटा. आम्ही खाटेवरून उठलेली माणसं. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. त्यातल्या किती जणांचे सांधे पुढे नीट वाकले, याची नोंद कुठल्या रजिस्टरात होते? आपल्या रुग्णालयात ती होत होती, मॅडमच्या हिरव्या वहीत. त्या वहीसाठीसुद्धा मी हे पत्र लिहिते आहे.

आपलं शहर या कामात मागासलेलं नाही. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४ पासून आहे. तिथे जवानाला नुसता पाय बसवून घरी धाडत नाहीत, त्या पायावर चालायला शिकवतात. खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय गेल्यासारखे झाले. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी आणलं. मला पदक नको आहे, मला पाटावर बसायचं आहे. पण त्यांना ज्याने पाण्यात उतरवलं ते काम आणि मॅडम टॉवेल दाबून घ्यायच्या ते काम एकच आहे.

आमच्या मागण्या अशा.

व्यायाम कक्ष तळमजल्यावर परत आणावा. तीच खोली शक्य नसेल तर तळमजल्यावरची दुसरी चालेल, पण तिथे पॅरलल बार, शिकायचा छोटा जिना, सायकल, पावडरची फळी आणि वजनकाटे हवेत. ते होईपर्यंत फिजिओथेरपीच्या पेशंटांना लिफ्ट खुली करावी. हे तर उद्याच करता येईल, त्याला एक पैसा लागत नाही.

संध्याकाळी ५ ते ८ ही वेळ पुन्हा सुरू करावी. रोज जमत नसेल तर आठवड्यातून चार दिवस.

कुठलंही यंत्र लावण्याआधी पात्र फिजिओथेरपिस्टने पेशंटची फाइल बघून सही करावी. २०२१ साली केंद्राने केलेल्या कायद्यात फिजिओथेरपी मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायांत आहे. शिकाऊ मुलामुलींनी जरूर काम करावं, पण कुणाच्या तरी नजरेखाली. ज्या तिघांचे करार संपवले त्यांना परत बोलवावं, ही आमची विनंती आहे.

व्यायामाचा दर वेगळा आणि यंत्राचा दर वेगळा असावा. पॅकेज घ्यायची सक्ती नको. ज्यांना परवडत नाही त्यांना दाखल असताना मिळते तशी सवलत व्यायामालाही द्यावी.

ऑपरेशन झालेल्या प्रत्येक पेशंटला डिस्चार्ज कार्डावर व्यायामाची पहिली तारीख लिहून मिळावी, आणि मराठीत, ठळक चित्रांचा कागद मिळावा. तो कागद तयार करायला आम्ही मदत करू. आमच्यातली कॉलेजची एक मुलगी चित्रं सुंदर काढते, आणि कुठलं वाक्य पेशंटला कळत नाही हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे.

आणि ९ जूनच्या तक्रारीचं लेखी उत्तर द्यावं.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही अकरा जण आपल्याला भेटायला येणार आहोत. घोषणा, फलक काही नाही, प्रत्येकाच्या हातात आपापली फाइल असेल. आजींना त्यांचा मुलगा आणणार आहे. आपली बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे असं समजलं. आमच्यातल्या पाच जणांना तेवढं चढता येणार नाही, तेव्हा कृपा करून त्या दिवशी आपण तळमजल्यावर खाली यावं.

आपली,
व्यायाम कक्षातली एक पेशंट
धायरी, पुणे